तक्तेकाकांची दारातली होडी

तक्तेकाकांनी बायकोसुद्धा तक्ता करून निवडली होती, असं खुद्द काकूच सांगायच्या. "बारा निकष होते. मला शंभरात एकाहत्तर मिळाले," असं त्या पाहुण्यांपुढे पोहे ठेवता ठेवता म्हणायच्या आणि काका अगदी गंभीरपणे दुरुस्ती करायचे, "साडेएकाहत्तर. माशांच्या कालवणाचा अर्धा मार्क नंतर वाढवला." तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, तर या माणसाने शाळेच्या वहीत फूटपट्टीने रकाने आखले होते! मी मूळची नागपूरची. आमच्याकडे पटलं तर पटलं, नाही तर निघा. काकांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मनात म्हटलं, बाप्पा, हे काय प्रकरण आहे!

पण सुटका नव्हती. आयर्लंडमधल्या एनिस गावात आमची घरं एका ओळीत, दोन दारं सोडून. शॅननच्या कारखान्यात नोकरीही एकाच खात्यात. आमच्याकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या बनतात आणि त्या बनवणारं प्रत्येक यंत्र कामाला लागण्याआधी तपासून पास करायचं, हे काकांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवीन पोरांनी जाडजूड फाइल आणून पुढे ठेवली की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "मशीन पास झालं, छान. ते चालवणारा पास आहे का?" पोरं हमखास तिथेच अडकायची. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "भावना ठीक आहे, पण आकडा काय?" गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे, वॉशिंग मशीन कुठलं, माझ्या मुलीने फ्रेंच घ्यावं की जर्मन, सगळ्याला आकडा. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, तुम्हाला नुसतं वाटत कसं नाही हो काही?" ते म्हणाले, "वाटतं ना. म्हणून तर तक्ता करतो." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

अशा माणसाने एके दिवशी तक्ता न करता होडी विकत घेतली. खरंच सांगते, आमची अख्खी गल्ली बाहेर आली होती बघायला. पांढरी, निळ्या पट्ट्याची, मागे इंजिन लावायची मोटरबोट, ट्रेलरसकट. विकणारा माणूस ती स्वतःच्या गाडीने ओढत घेऊन आला, काकांच्या दारात लावली आणि हात हलवून निघून गेला. कारण काय, तर जूनमध्ये काकांचे वडील, अप्पा, मालवणकडून यायचे होते. अप्पा जन्मभर खाडीत 'तर' चालवत, म्हणजे पलीकडे पोचवणारी होडी. माणसं, सायकली, बकऱ्या, वरात, सगळं या तीरावरून त्या तीरावर. मग पूल झाला आणि तर बंद पडली. त्यानंतर अप्पा होडीत बसले नव्हते. काकांच्या आईच्या माघारी ते पहिल्यांदाच इकडे येत होते, आणि येण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं होतं की पुन्हा एवढा प्रवास झेपायचा नाही. काकांना त्यांना एकदा स्वतःच्या होडीत बसवायचं होतं. सुकाणू त्यांच्या हातात द्यायचं होतं. बस, एवढंच.

आता होडी दारात आणि ती सोडायचं तळं पाऊण तासावर. मधला रस्ता कापायला गाडी हवी. काकांची होती ती छोटीशी इलेक्ट्रिक, तिला स्वतःलाच चढावर धाप लागायची. मग पिकअप घ्यायची ठरली आणि तक्ता उघडला, पेट्रोल विरुद्ध डिझेल. खरं तर या देशात पिकअप म्हटली की डिझेलचीच. शेतकरी, सुतार, मेंढ्या नेणारे, सगळे डिझेलवाले. पण उमेदवार एकच असला तर तक्ता कसा होणार? म्हणून काकांनी गॉलवेच्या रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे बाहेरून आणलेली पेट्रोलची एक पिकअप हुडकून काढली. तो विक्रेता बिचारा दोन वर्षं ती कोणी विचारेल म्हणून वाट बघत होता.

शेहेचाळीस ओळी झाल्या. ओढायला लागणारा जोर डिझेलला जास्त, तळ्याकाठच्या शेवाळलेल्या उतारावरून भरलेली होडी वर काढायला तो हवाच. पण घर ते शॅनन एवढंच रोज चालवलं तर डिझेलची काजळी अडवणारी जाळी तुंबते, तिथे पेट्रोल पुढे. पेट्रोलचा आवाज कमी, पण होडी मागे लावली की ती गाडी भरमसाट तेल पिते. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की काका समोर येऊन बसत. "काल डिझेल दोन गुणांनी पुढे होतं. रात्री विम्याची ओळ घातली तर पेट्रोल वर आलं." मी म्हणे, "काका, भेंडी खा."

जूनमध्ये अप्पा आले. तीन महिन्यांचा व्हिसा, परतीचं तिकीट काढलेलं. काटक, काळेसावळे, लेंग्यावर लेकाचं जॅकेट. पहिल्याच सकाळी त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बरी आसा." दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "झिला, होडी दारात बांधून काय तिका गवत घालतलंस?" महिन्याभराने मात्र त्यांनी थट्टा सोडली. मी इडलीचं पीठ द्यायला गेले होते, तेव्हा ते लेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "पेट्रोल काय डिझेल तां तू ठरय. पण मी आसय तवसर ठरय."

काकांचा चेहरा पडला. ते मला दारापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "चुकीची गाडी घेतली आणि उतारावर होडी सुटली तर? अप्पा आत बसलेले असताना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला जितकं जास्त वाटायचं तितक्या ओळी वाढायच्या. मी म्हटलं, "शेजारच्या मायकलला सांगा ना. त्याच्याकडे जीप आहे, हूक आहे, भावाची गुरं ओढत असतो." काका दचकलेच. "छे छे! कशाला कुणाला त्रास? कुणाचे उपकार नकोत." हा आपल्या लोकांचा रोगच आहे. वर्षानुवर्षं शेजारी राहतील, दिवाळीला चकल्या देतील, पण साधी शिडी मागायची वेळ आली तर नवीन विकत आणतील.

अखेर डिझेल एका गुणाने जिंकलं. अप्पांच्या विमानाला बारा दिवस उरले होते. काकांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. विक्रेत्याने कागद पुढे सरकवले, पेन दिलं आणि सहज विचारलं, "ट्रेलर ओढायचं लायसन्स आहे ना तुमच्याकडे?"

काकांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. साध्या लायसन्सवर लहानसहान ट्रेलर चालतो, पण एवढी जड पिकअप आणि मागे एवढी होडी म्हटलं की वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि तिची तारीख मिळायची ती अप्पा गेल्यावरच. गाडी, होडी, ट्रेलर, तेल, विमा, शेवाळ, सगळ्यांना गुण दिले होते. चालवणारा राहिला होता! मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघून हसवेना. परतताना ते फक्त एवढंच म्हणाले, "सत्तेचाळिसावी ओळ. मी रोज पोरांना तेच विचारतो गं." डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं आणि काकूंनी अप्पांना. अप्पांनी चहा संपवला, जॅकेट चढवलं आणि थेट मायकलच्या दारात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं. अप्पांना इंग्रजी शून्य, मायकलला मालवणी शून्य. अप्पांनी त्याचा हात धरला, त्याला होडीपाशी आणलं, होडी दाखवली, मग त्याच्या जीपचा हूक दाखवला, मग तळ्याच्या दिशेला बोट केलं आणि शेवटी छातीवर हात ठेवला. मायकलने टोपी मागे सारली. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'चालेल की'. "शनिवारी?" नंतर मला म्हणाला, "कधीपासून विचारावंसं वाटत होतं गं. पण वाटलं, तुमच्यात दारात होडी ठेवायची काही प्रथा असेल."

शनिवारी सकाळी काका जीपभोवती घुटमळत होते. राहवेना, तेव्हा विचारलंच, "हिचा ओढायचा जोर नेमका किती?" मायकल म्हणाला, "ते मी तिला कधी विचारलेलं नाही." ती जीप चिखलाने माखलेली, एक दार तारेने बांधलेलं. आणि त्या जीपने होडी तळ्यापर्यंत नेली, उताराला उलटी लावली आणि पाण्यात अलगद सोडली. अवघी वीस मिनिटं लागली उतरवायला. काका दोन्ही हातांत आपली प्लास्टिक चढवलेली यादी धरून उभे होते. कोणी बघितली नाही ती.

मी लिमरिकहून नारळ आणला होता. अप्पांनी तो वाढवला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, चपला काठावर काढल्या आणि होडीत असे गेले की होडी हललीसुद्धा नाही. सुकाणू हातात घेतलं आणि त्यांची पाठ ताठ झाली. मधोमध गेल्यावर त्यांनी ओंजळभर पाणी चाखलं. मी विचारलं, "कसं आहे अप्पा?" म्हणाले, "पाणी गोडां आसा, पण सुकाणाक तां खय कळता?" काका समोर बसले होते, जीवरक्षक जॅकेटात मान अडकलेली, आणि भोकाड पसरून रडत होते. माझीही तीच गत. मायकल एकटा शहाणा, तो सँडविच खात होता.

अप्पा परत गेले. काकांनी ट्रेलरची परीक्षा दिली, पासही झाले, पिकअप मात्र घेतली नाही. "मायकलची आहे ना," म्हणाले. हे ऐकून मी मनातल्या मनात पेढे वाटले. पुढच्या वर्षी अप्पांचं दुखणं सुरू झालं आणि काकांनी शेवटचा तक्ता केला, इथे राहायचं की परत जायचं. मला तपासायला दिला. पगार, पेन्शन, घर, दवाखाने, सगळीकडे हा देश पुढे, तोही थोडाथोडका नाही. "सूत्रं बरोबर आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बरोबर आहेत." त्यांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे एक ओळ राहिली असणार," आणि लॅपटॉप मिटला. काकू आतून ओरडल्या, "मला विचारू नका, मी बॅगा भरायला घेतल्यात."

त्यांना विमानतळावर मायकलनेच सोडलं. उपकार नकोत असं कोणी म्हटलं नाही.

पाचेक महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. मागे खाडी, गावच्या एका होडीच्या टोकाला शाल पांघरून अप्पा, आणि मध्ये घामाघूम तक्तेकाका. "अरे, वल्हां मार, पाण्याक चापट कित्याक मारतंस?" अप्पा ओरडत होते. मी विचारलं, "काय काका, पेट्रोल की डिझेल?" ते धापा टाकत हसले, दोन्ही हात वर करून दाखवले. तळव्यांवर फोड आले होते. "वल्ही!"

अप्पा गेले त्यालाही आता वर्ष होईल. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर काकांनी त्यांना रोज संध्याकाळी होडीतून फिरवून आणलं, शेवटच्या आठवड्यापर्यंत. ती निळ्या पट्ट्याची होडी इथे मायकलच्या शेडमध्ये आहे. कोणी विचारलं की तो सांगतो, तिकडच्या एका माणसाची आहे, मी फक्त सांभाळतोय.

मीही हल्ली तक्ते करते. लागण झाली, काय करता! गेल्या महिन्यात केला, नागपूरला आईकडे या वर्षी जावं की पुढच्या. पुढचं वर्ष सगळ्याच ओळींत जिंकत होतं, तिकीट, सुट्टी, मुलांच्या शाळा, सगळंच. मग मी खाली एक ओळ रिकामी सोडली आणि तिच्याकडे बघत बसले.

शुक्रवारचं विमान आहे.