काकांची देवयानी

आमच्या छंदात फोटो कमी निघतात आणि किस्से जास्त. कारण सोपं आहे. कॅमेरा स्टँडवर बसवला, आकाशाच्या चालीने त्याला फिरवणारी मोटर सुरू केली, की पुढचे दोन-तीन तास माणसाला काही काम उरत नाही. कॅमेरा आपला मिनिटामिनिटाचे फोटो काढत राहतो आणि आपण गच्चीवर चटई टाकून डास मारत बसतो. नुसतं बसलं की गप्पा होतात, आणि गप्पांच्या नादात काहीतरी घोळ होतोच. दाखवण्यासारखे फोटो माझ्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. किस्से विचाराल तर जेवणाची वेळ टळेल.

आमचा ग्रुप म्हणजे तीन माणसं आणि एक काकू. मी शुभदा, हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर हाडांचे फोटो, संध्याकाळी ताऱ्यांचे. सचिन कांबळे दिघ्याचा, एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला. कॅमेरा त्याचा, सेकंडहँड, आणि ग्रुपमधली अक्कलही बरीचशी त्याचीच. जाधवकाका मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. आम्ही जमतो ती खारघरची गच्ची त्यांच्या सोसायटीची. आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. त्या ‘मला यातलं काय कळत न्हाई’ म्हणतात आणि दर वेळी शेवटपर्यंत थांबतात.

काकांच्या डोळ्यांचं इथेच सांगून टाकते. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग आलाय आणि तो वाढत चाललाय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं जातं. इंजेक्शनं चालू आहेत, पण जे गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. एका कॉलेजच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीच्या रांगेत आमची ओळख झाली, तेव्हाच काका म्हणाले होते, “मला एक फोटो काढायचाय. देवयानीचा. पण माझ्या हातानं.”

देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक दुसरी आकाशगंगा. मी विचारलं, तीच का?

“नुसत्या डोळ्यानं दिसणाऱ्यात सगळ्यात लांब ती हाय म्हणं,” काका म्हणाले. “पेपर गेला, सुईदोरा गेला, जवळचं एकेक सुटत चाललंय. लांबचं एक तरी धरून ठेवतो.”

आता देवयानी आपल्याकडे नीट मिळते ती पाऊस संपल्यापासून थंडी संपेपर्यंत. म्हणजे वर्षाला एक हंगाम. काकांच्या डोळ्यांचे किती हंगाम उरलेत ते कोणालाच माहीत नव्हतं.

*

पहिला धडा ध्रुवताऱ्याचा. मोटर आकाशाबरोबर नीट फिरायची असेल तर तिचा कणा ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्या मुंबईकडे ध्रुव उत्तरेला बराच खाली असतो, म्हणजे टॉवर, टाक्या आणि होर्डिंगांच्या गर्दीत. सचिनने मोबाइलमध्ये उत्तर दिशा शोधली. तिथे एका इमारतीच्या डोक्यावर एक ठळक पांढरा ठिपका होता. आम्ही अर्धा तास त्याच्यावर नजर ठेवली. बाकीचे तारे सरकत होते, हा जागचा हलत नव्हता. सगळ्या पुस्तकांत ध्रुवाचं हेच वर्णन आहे, त्यामुळे आम्ही खूश.

फोटोत मात्र प्रत्येक ताऱ्याची शेवई होत होती. आम्ही मोटरला शिव्या दिल्या, स्टँडला दिल्या. दोन आठवडे हेच चाललं. मग एके दिवशी सचिन कण्यातल्या भोकातून ध्रुवाकडे बघता बघता एकदम थांबला.

“काका, टेन्शन नका घेऊ, पण ध्रुव विझला.”

तो बांधकामाच्या क्रेनवरचा दिवा होता. त्या दिवशीचं काम संपल्यावर तिथल्या लोकांनी तो बंद केला होता. काका शांतपणे म्हणाले, “म्हंजे त्याची सेकंड शिफ्ट हुती.”

*

या छंदात झाकण लावून फोटो काढण्याचीही एक पद्धत आहे. कॅमेरा स्वतःच थोडे खोटे ठिपके तयार करतो. ते कोणते हे कळावं म्हणून शेवटी लेन्सला झाकण लावून काही काळे फोटो घ्यायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर ते ठिपके वजा करायचे. काकूंना हे कधीच पटलं नाही. “येवढी वर चढून आलासा, आन झाकण लावून काय काढताय?”

एका संध्याकाळी सगळं फार सुरेख जमलं. हवा स्वच्छ, मोटर गप, चहा गरम. नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या प्रत्येक चार फोटोंत एखादं विमान रेघ मारून जातं. काका डोळे ताणून छोट्या स्क्रीनवर एकेक फोटो तपासत होते आणि दर वेळी समाधानाने मान हलवत होते.

“आज एक बी विमान मधी आलं न्हाई,” ते म्हणाले.

सचिनला शंका आली. त्याने उठून टॉर्च मारला. झाकण पहिल्यापासून लेन्सवरच होतं. आणि ते काढायचं काम माझं होतं! एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये ही बातमी अजून मी कळू दिलेली नाही.

*

मग टोपीची गोष्ट. लेन्सवरच्या धुळीचे डाग फोटोत येऊ नयेत म्हणून अंधार पडायच्या आधी लेन्सवर पांढरं कापड ताणून सारख्या उजेडाचे फोटो घ्यावे लागतात. रुमाल आखूड पडला, ओढणीला नक्षी होती. काकांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून लेन्सला घातली. मापाने शिवल्यासारखी बसली. तेव्हापासून दर वेळी दिवेलागणीला तासभर काका बोडके आणि कॅमेरा टोपीत.

सोसायटीत कोणीतरी तक्रार केली की गच्चीवरून समोरच्या खिडक्यांचे फोटो काढतात. सेक्रेटरी तावातावाने वर आले. बघतात तर स्टँडवर टोपी घातलेलं काहीतरी उभं आणि त्याच्यासमोर चटईवर आम्ही चौघं अदबीने बसलेलो.

“कोणाचा सत्कार चाललाय?” त्यांनी विचारलं.

काकांनी त्यांना बसवलं, सगळं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. सचिनने आधीचा एक फोटो दाखवला, त्यात राखाडी पुसट डागापलीकडे काही नव्हतं. सेक्रेटरींनी तो उलटसुलट करून बघितला. “एवढ्यासाठी?” म्हणाले आणि गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही वर गेलो तर गच्चीवरचा मोठा दिवा बंद. वॉचमनला विचारलं, बल्ब उडाला का? तो म्हणाला, “सेक्रेटरीसाहेब स्वतः येऊन बंद करून गेले. बोलले, काकांचं काम होईपर्यंत कोणी हात लावायचा नाय.”

*

एकदा शेजारच्या बाई काकूंना विचारत होत्या की एकाच गोष्टीचे इतके फोटो कशाला लागतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनीच समजावलं.

“आवं, एका फोटूत काय बी दिसत न्हाई. नुसता अंधार. पर शे-दोनशे फोटू येकावर येक ठेवलं की त्यातनं हळूहळू उजेड गोळा हुतो.” मग काकांकडे मानेने खूण करून म्हणाल्या, “लग्नाचं बी तसंच. येका दिसात बघाय गेलं तर या मानसात काय हाय?”

काका ऐकत होते. चहा फुंकत म्हणाले, “आन तुला अजून फोटू कमी पडत्यात.”

*

आता थोडं जड जाणारं सांगते. ताऱ्यांवर कॅमेरा आपोआप फोकस धरत नाही. लेन्सची रिंग हाताने केसभर फिरवत, स्क्रीनवर तारा लहानात लहान दिसेल तिथे थांबायचं असतं. काकांचा नेमका मधलाच भाग गेलेला, त्यामुळे हे काम त्यांना सगळ्यात अवघड आणि तेच काम त्यांना स्वतः करायचं होतं. ते रिंग लावायचे आणि हलू नये म्हणून वर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. कारखान्यातली सवय.

त्या हंगामातली ती शेवटची चांगली संध्याकाळ होती. देवयानी पश्चिमेला उतरायला लागली होती. काकांनी फोकस लावला, पट्टी चिकटवली आणि काकूंबरोबर चहा आणायला खाली गेले. सचिनने स्क्रीनमध्ये बघितलं. तारे शेंगदाण्याएवढे फुगले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्याने पट्टी अलगद सोडवली, रिंग जराशी फिरवली आणि पट्टी परत लावली.

फोटो सुंदर येत होते. आवरताना काकांनी नेहमीप्रमाणे लेन्सवरून बोट फिरवलं आणि ते बोट जराशा तिरक्या बसलेल्या पट्टीवर थांबलं.

“सचिन, रिंग कोनी हलवली?”

“काका, थोडीशीच. तुमची सगळी मेहनत वाया गेली असती.”

“गेली असती तर माझी गेली असती.” आवाज चढलेला नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. “चांगला फोटू हाय. ठेव तुझ्यापाशी, तुझाच हाय तो.”

सचिनने मला घरी पोचून फोन केला. “ताई, आमी चुकलो ना?” मी म्हटलं, हो, आणि मीही तुझ्याबरोबर चुकले. त्याच्या आवाजावरून तो रडला असावा. मीही रडले. पुढे पावसाळा येणार होता, आणि काकांचा डाग कोणासाठी थांबणार नव्हता.

*

पुढच्या दिवाळीपर्यंत काकू काकांना पेपर वाचून दाखवायला लागल्या होत्या. आकाश उघडलं तशी मला भीती वाटायला लागली. या वेळी जमलं नाही तर पुढच्या वेळी विचारायचंही धाडस होणार नव्हतं.

सचिनने ऑफिसातला एक टाकून दिलेला मोठा मॉनिटर मागून घेतला, चादरीत गुंडाळला आणि बाइकला मागे बांधून दिघ्याहून निघाला. वाटेत ट्रॅफिक पोलिसाने अडवलं, काय आहे म्हणून. हा म्हणाला, “साहेब, आमच्या काकांना तारे बघायचेत.” पोलिसाने चादर वर करून बघितली आणि गाठ सैल झालीय म्हणून स्वतःच आवळून दिली.

तो मॉनिटर गच्चीवर टाकीला टेकवून ठेवला आणि कॅमेऱ्याला जोडला. पडदाभर एकच तारा, ताटलीएवढा. काका लेन्सपाशी वाकून रिंग फिरवायला लागले. तारा आक्रसायचा, परत फुगायचा. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मी सचिनकडे पाहिलं तर तो दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर घट्ट बसला होता.

“हितं,” काका म्हणाले आणि त्यांनी पट्टी लावली.

तारा अजून थोडा जाड होता. मला दिसलं, सचिनला दिसलं. सचिनने हात सोडवले आणि काकांना विचारून, त्यांच्याच बोटाने बटण दाबून घेतलं.

*

त्या आठवड्यात आकाश रोज साथ देत राहिलं. काका रोज फोकस लावत होते, रोज पट्टी चिकटवत होते. सगळे फोटो एकावर एक ठेवायचं काम सचिनने त्यांच्या शेजारी बसून केलं. प्रत्येक पायरीला तो विचारायचा, काका सांगायचे आणि मग तो माउस हलवायचा. रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमलो. काकूंनी शिरा केला होता. सचिनने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर देवयानी आली. तिरकी, लांबट, मधे पिवळसर उजेड आणि तो कडेकडेला विरत गेलेला, एका अंगाला काळसर पट्टा. भोवतीचे तारे किंचित जाड होते. खारघरच्या गच्चीवरून, एवढ्या दिव्यांतून ती आली होती. मला ती कुठल्याही मोठ्या दुर्बिणीच्या फोटोपेक्षा देखणी वाटली आणि अजूनही वाटते.

काका टीव्हीसमोर खुर्चीत होते. त्यांनी समोर बघितलं. मग त्यांनी मान वळवली आणि टीव्हीच्या बाजूला भिंतीशी जे कपाट आहे, त्याच्याकडे तोंड करून बसले.

सचिनने मान खाली घातली. मला वाटलं, उशीर झाला. एवढं सगळं करून आपल्याला एक हंगाम उशीर झाला. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि सांगायला लागले, “काका, मधे की नाही, पिवळा उजेड आलाय छान, आणि त्याच्या कडेला…”

काकू शिऱ्याच्या बश्या घेऊन आतून येत होत्या. त्या दारातच थांबल्या, त्यांनी काकांकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “सांगू नगंस गं. बघू दे त्यास्नी. हल्ली मला बघायचं असलं तरी असंच कपाटाकडं तोंड करून बसत्यात.”