सुनेच्या खेळातले शत्रू

माझी सून अंधेरीच्या एका ऑफिसात मोबाईलवरचे गेम बनवते. अवकाशातल्या ऑनलाइन लढाईत शत्रूच्या यानांची ताकद किती ठेवायची, हे तिचं काम. "आई, नवख्या माणसाला झेपतंय का, खेळून सांगा ना," म्हणाली.

मी तर रोज पहिल्याच टप्प्यावर मरत होते. पण सुनेपुढे हार कशी मानायची? म्हटलं, "तुझ्या कालवणासारखेच तुझे शत्रू मिळमिळीत गं. कर जरा तिखट!"

तिने खरंच ताकद वाढवली. लोक खेळ सोडून जायला लागले, तिला साहेबांची बोलणी खावी लागली. मग तिने माझा फोन उघडला, तर माझे सगळे पराभव तिथे नोंदलेले.

"आई, मी तुमच्या भरवशावर केलं हो," एवढंच म्हणाली. मला मान वर करवेना.