पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये रिन्स्के

लेउवार्डन या डच शहरातल्या त्या गल्लीत कुणाच्याही घरी नवी लाकडी जमीन बसली, की शेवटी रिन्स्के वीर्डाला बोलावणं यायचं. जमीन घरचे लोक बसवायचे. भिंतीच्या पायाशी पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे स्कर्टिंग, तेही कसंबसं लावून घ्यायचे. पण पट्टी आणि भिंत यांच्यात जी फट उरायची, तिथे सगळे हात टेकायचे. मग रिन्स्के यायची, गुडघ्याखाली जुनी उशी घ्यायची, फटी बुजवायच्या पांढऱ्या मलमाची नळी दाबायच्या बंदुकीत बसवायची आणि एका दमात भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. तिने ओलं बोट फिरवलं की फट कुठे होती, हे घरवालीलाही सांगता यायचं नाही.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उमेदीची सारी वर्षं तिने एका बेकरीत केकवर आयसिंग काढण्यात घालवली होती. तिकडचा तो गुलाबी साखरेचा केक, ओरान्यकूक, वाढदिवसाला प्रत्येक घरी लागतो. त्यावर क्रीमची लांब वेल काढायची म्हणजे मध्ये श्वास घेऊन चालत नाही. फट भरतानाही तसंच. शेजारणी तिला विचारायच्या, की आमच्या हातून रेघ अशी गांडुळासारखी का येते? ती म्हणायची, "तुम्ही हातातून दाबता. खांद्यातून दाबा."

घरात मात्र तिला हे काम मिळालं ते नवऱ्यामुळे. डौवे वीर्डा पुलावर नोकरीला होता. बोट आली की फाटक पाडायचं, पूल उघडायचा, बोट गेली की पूल पुन्हा मिटायचा. मिटलेल्या पुलाची दोन टोकं तंतोतंत जुळलीच पाहिजेत, तसं त्याला जगातलं सगळंच जुळलेलं लागायचं. या घरात राहायला आल्यावर त्याने पाणसळ धरून एकेक पट्टी अशी सरळ बसवली, की बघत राहावं. फक्त भिंत सरळ नव्हती. मधल्या खोलीत तिला चांगलं पोट सुटलेलं होतं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पट्टीमागे बोट जाईल एवढी फट पडली.

"पट्टी वाकडी नाही," डौवे म्हणाला.

"नाहीच. भिंत वाकडी, पट्टी सरळ आणि मधलं मी भरायचं," रिन्स्के म्हणाली आणि बंदूक घेऊन खाली बसली.

तेव्हापासून ती भरतच होती. हिवाळ्यात हीटर लागले की लाकूड आकसायचं, मलमाला केसाएवढी चीर पडायची, चिरेतून गार वारा घोट्याला लागायचा. वसंतात ती खरवडून पुन्हा भरायची. शेवटी मागच्या शरदात तिला कंटाळा आला. डौवेची छोटी बोट विकली होती, तिच्या दुरुस्तीतून उरलेल्या सीलंटच्या नळ्या शेडमध्ये पडून होत्या. बोटीच्या तळाला पाणी लागू नये म्हणून वापरतात ते हे सीलंट. रिन्स्केने खालच्या दोन्ही खोल्यांच्या फटी त्याने भरल्या आणि वरून रंग मारला. त्या हिवाळ्यात एकही चीर पडली नाही. येईल त्याला ती कौतुकाने दाखवत होती.

भाड्याच्या घरात हे करू नये, ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. तिकडे भाड्याचं घर घेताना बोडकं मिळतं आणि सोडताना बोडकंच द्यायचं. जमीन, पट्ट्या, पडद्यांच्या दांड्या, सगळं आपलं आपण लावायचं आणि जाताना उखडून न्यायचं. पुढचा भाडेकरू "राहू दे, मला चालेल" म्हणाला तरच सुटका. पण त्या शरदात घर सोडायचा विषयच नव्हता.

विषय निघाला तो फेब्रुवारीत, डौवे जिन्यावरून पडल्यावर. तिकडचे जिने शिडीला लाजवतील इतके उभे असतात. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती धरलीच. तरी तो दिवसातून चारदा वर चढायचा. वरच्या खिडकीतून त्याचा पूल दिसायचा. पूल आता आपोआप उघडतो, तिथे माणूस लागत नाही. तरी डौवे खिडकीत उभा राहून पूल नीट मिटला का ते बघायचा.

घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेकडे रिन्स्केने तळमजल्यावरच्या घरासाठी केव्हाच नाव घातलं होतं. मे महिन्यात निरोप आला, की घर आहे, जिना नाही, सोमवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर ते पुढच्याला जाईल. डौवे नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, हे घर आधी धड हातात देता आलं पाहिजे, मोडकं देऊन मी कुठे जाणार नाही. रिन्स्केला वाटलं, एवढंच ना.

संस्थेचा तपासनीस, योर्न नावाचा पोरगेलासा माणूस, शुक्रवारी येऊन घर बघून गेला. जमीन आणि पट्ट्या काढाव्या लागतील म्हणाला. शनिवारी एक बाई घर बघायला येणार आहे, तिने ठेवून घेतल्या तर प्रश्न मिटला, पण तिला बहुतेक सगळं नवं करायचंय, असंही म्हणाला. तो गेल्यावर रिन्स्के पटाशी घेऊन मधल्या खोलीत बसली. पट्टीच्या मागे पटाशी घातली, हळूच तिरपी केली. पट्टी हलली नाही. जरा जोर लावला. मग पट्टी निघाली आणि तिच्याबरोबर ताटाएवढा गिलावाही निघाला. भिंतीत आतल्या विटा दिसायला लागल्या.

डौवे दारात येऊन उभा राहिला. त्याने त्या खड्ड्याकडे बघितलं.

"अशी भिंत मी नाही देणार," तो म्हणाला. आवाज दुःखी होता, पण चेहरा तसा नव्हता, हे रिन्स्केने ओळखलं. त्याला हवं ते मिळालं होतं. सगळ्या पट्ट्या काढायच्या म्हणजे दोन्ही खोल्यांच्या भिंती फोडायच्या. सोमवारपर्यंत ते होणं शक्य नव्हतं. म्हणजे जाणं नाही.

शनिवारी सकाळी मारिट नावाची ती बाई आली. तिशीची, कडेवर वर्षाचं पोर. रिन्स्के कॉफी करायला स्वयंपाकघरात गेली आणि तेवढ्या वेळात डौवेने घर दाखवायचं काम हाती घेतलं. भिंतीला पोट आहे, तो सांगत होता. जिना जीवघेणा आहे. न्हाणीघराची खिडकी नीट लागत नाही, उत्तरेचा वारा आत येतो. शेजारी बासरी शिकतोय आणि अजून त्याला ती येत नाही. रिन्स्के कप हातात धरून ऐकत राहिली. जन्मात कधी या माणसाने घराबद्दल वावगा शब्द काढला नव्हता.

मारिटने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं इथे का राहिलात?"

रिन्स्के कॉफी आणि प्रत्येकी एकेक बिस्किट घेऊन बाहेर आली. कॉफी दिली आणि भिंतीतला खड्डा झाकायला तिनेच पुढे ओढलेली खुर्ची तिनेच बाजूला केली. न सांगता हे गळ्यात मारता आलं असतं. तिला ते जमेना.

"हे बघा," ती म्हणाली. "पट्ट्या निघत नाहीत. निघाल्या तर भिंत घेऊन निघतात. फटीत मी बोटीचं सीलंट भरलंय. शहाणपणा माझा. तुम्हाला दुसऱ्या पट्ट्या लावायच्या असतील तर हे डोकेदुखीचं काम आहे, आत्ताच नाही म्हणा."

मारिटने कप खाली ठेवला. कडेवरचं पोर, न विचारता, डौवेच्या हातात दिलं आणि ती गुडघ्यांवर बसली. पट्टीच्या वरच्या काठावरून नख ओढत ती कोपऱ्यापर्यंत गेली, मग दुसऱ्या भिंतीला लागली. नख कुठेच अडकलं नाही.

"इथून काही आत येत नाही?"

"काय यायचंय?" रिन्स्केने विचारलं.

"उंदीर."

मग तिने सांगितलं. ती आत्ता एका दुकानाच्या वर, माळ्यावर राहत होती. पट्ट्यांच्या मागून उंदीर यायचे. तिने कापूस कोंबला, तारेची घासणी कोंबली, घरमालकाला फोन करकरून थकली. पोर रांगायला लागल्यापासून ती त्याला जमिनीवर ठेवत नव्हती. घरात असतानाही कडेवर. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलाय असं तिची आई म्हणते, हे सांगताना ती हसली, पण हसू फार टिकलं नाही.

"अहो, उंदीर कुठला," डौवे म्हणाला. पोराने त्याचा चष्मा धरला होता. "त्या सीलंटमधून पाणी जात नाही, तर उंदीर जाईल? आमची बोट बारा वर्षं..."

तो मध्येच थांबला. उशीर झाला होता. रिन्स्के खिडकीबाहेर बघत होती, हसू दिसू नये म्हणून.

मारिटने पोराला त्याच्याकडून घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. पोर आधी गोंधळलं, मग टेबलाखालून रांगत थेट मधल्या खोलीकडे निघालं. त्याच्या मागे कुणी धावलं नाही. मारिट नुसती बघत उभी राहिली, दोन्ही हात मोकळे.

जमीन, पट्ट्या, सगळं ठेवून घेते म्हणाली ती. खड्डा तेवढा भरून द्या. आणि वरच्या लहान खोलीतल्या फटी उघड्या दिसल्या, तिथे पोर झोपेल, तर त्याही भरून द्याल का? रिन्स्के हो म्हणाली. तिथे साधं मलम भरीन, हेही सांगून टाकलं.

ती गेली. डौवे खड्ड्यासमोर खुर्ची घेऊन बसला.

"भिंत अजून फुटलेलीच आहे," तो म्हणाला.

"भिंत मी उद्या भरते." रिन्स्के त्याच्यासमोर खाली, उशीवर बसली. "डौवे, तू पडलास तेव्हा मी बाजारात होते. मी आले तर तू जिन्याखाली बसलेला. म्हणालास, जरा बसलोय. किती वेळ बसला होतास, ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस. मी विचारणारही नाही. पण तेव्हापासून बाजारातून आले की मी किल्ली लावायच्या आधी दाराशी थांबते. आतून काही आवाज येतोय का ऐकते. रोज. मला ते थांबणं आता नको झालंय."

डौवेने चष्मा काढला, काचांवरचे पोराचे बोटांचे ठसे सदऱ्याला पुसले, पुन्हा घातला. मग गिलावा कालवायची बादली शेडमध्येच आहे ना, असं विचारलं आणि कंबरेवर हात ठेवून उठला.

सोमवारी त्याने सही केली. त्या आधी वरच्या खिडकीत जरा जास्त वेळ उभा होता, हे रिन्स्केला खालून पावलांवरून कळलं. तिने हाक मारली नाही.

नवं घर अर्थातच बोडकं होतं. खाली सिमेंट, भिंतींना नुसता गिलावा, बोललं की आवाज घुमायचा. जमीन बसवायला भाचे आले आणि दुपारपर्यंत बसवून गेले. पट्ट्या डौवेने कुणाला लावू दिल्या नाहीत. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून रिन्स्केने पाणसळ भिंतीला टेकवली आणि तो स्टुलावरून बघत राहिला. तिथेही भिंतीला पोट होतं. आधीच्यापेक्षा मोठं.

रिन्स्केने बंदूक हातात घेतली. साधं मलम, बोटीचं नव्हे, हे ती त्याला दाखवणार होती. पण डौवे पट्टी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने तिला पट्टी भिंतीला लावून धरायला सांगितली, पेन्सिल भिंतीवर टेकवून फिरव म्हणाला. भिंत जशी होती तशी, पोटासकट, पट्टीच्या काठावर उमटली. मग त्याने रंधा घेतला आणि त्या वाकड्या रेघेपर्यंत पट्टीची पाठ तासायला लागला. उभ्या आयुष्यात त्याने सरळ लाकूड मुद्दाम वाकडं केलं नव्हतं. लाकडाचे छिलके त्याच्या बुटांवर पडत होते.

पट्टी लावून बघितली. ती भिंतीला अंगासरशी बसली. फट होती, पण नखाएवढी.

"आता मी काय भरू?" रिन्स्केने विचारलं.

"तेवढी ठेवलीय तुझ्यासाठी," डौवे म्हणाला आणि दुसरी पट्टी मागितली.