झाकून ठेवलेला चहा

अमरावतीच्या बाजारात माह्या भाजीच्या दुकानाच्या बाजूले एक फुलवाला बसते. सकाळी आमचा दोघायचा चहा संगच येते. मी लगेच पितो. तो मात्र कपावर बशी झाकते अन् अकोल्याले फोन लावते. तिथं त्याची पोरगी कॉलेजात शिकते. तिच्या गळ्यातल्या थायरॉईडवर तिचंच शरीर उलटलं, असं डाक्टर म्हनते. रोज उपाशीपोटी गोळी घ्या लागते, अन् मंग बराच वेळ चहा बंद.

"घेतली का वं गोळी? थांब मंग. मी बी थांबतो," हे त्याचं रोजचं बोलनं.

एकडाव म्या टोचलं, "थंडा चहा पिऊन तुले का भेटते रे?"

"ती एकटी काहून थांबन, बाबाजी?" म्हने, अन् हार गुंफत बसला.

खरं सांगतो, मले त्याचा लय हेवा वाटते. बिमारीच्या घराचा कोनी हेवा करते का? पन बायको गेल्यापासून माह्यासाठी कोनी थांबत नाही, अन् मले बी कोनासाठी थांबा लागत नाही.

काल त्याचा फोन फुलायच्या बादलीतल्या पान्यात पडला अन् बंद झाला. समोर गिऱ्हाईक, हातात अर्धा हार. "बाबाजी, तुमच्या फोनवरून तुमीच विचारा न तिले."

त्यानं सांगितलेला नंबर लावून म्या दरडावूनच विचारलं, "बाजूचा भाजीवाला बोलतो. घेतली का वं गोळी?"

"घेतली, आबाजी," पोरगी म्हने. "तुमचा झाला का चहा?"

कप माह्या तोंडापाशीच होता.

"नाही व माय, तुह्यासाठी थांबलो," म्या म्हटलं, अन् कप खाली ठेवून त्यावर बशी झाकली.