मेल्यावर उठून हसायचं

पडद्यावर मी पुष्कळ वेळा मेलो आहे. कन्नड सिनेमात आधी हिरोचा मित्र म्हणून, मग बाप म्हणून, आता मालिकांत आजोबा म्हणून. आमच्या धंद्यात एक रीत आहे. मरणाचा शॉट झाला की नटानं उठायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. ते हसणं कुठं दाखवत नाहीत. अपशकुन फिटावा एवढ्यासाठीच ते घेतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण हसल्याशिवाय मी सेटवरून कधी हललो नाही.

ते केशवापूरच्या अक्कासाठी. माझी थोरली बहीण. माझं पहिलं मरण थेटरात बघून आली तेव्हा ती जेवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी तिला फोन करतो, "अक्का, मी उठून हसलो गं." ती म्हणते, "मग ठीक." एवढंच बोलणं.

हल्ली तिच्या लक्षात काही राहत नाही. मध्यंतरी मालिकेतला आजोबा मेला. मी फोन केला, तिच्या सुनेनं तो तिच्या कानाला लावला, ती "मग ठीक" म्हणालीही. पण पुढं मालिकेत माझा हार घातलेला फोटो रोज दिसू लागला, आणि सुनेचा निरोप आला, "मामा, जेवण सोडलंय त्यांनी. एकदा येऊन जावा."

मी केलगेरीच्या माझ्या घरून निघालो. समोर जिवंत उभा राहिलो की प्रश्न मिटला, असं मला वाटलं. माझे केस पांढरे, मिशी काढलेली; अक्कानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "बसा की. माझा भाऊ गेला हो."

"अक्का, मीच तुझा भाऊ."

"समजूत घालायला सगळे असंच म्हणतात. तो मेला की उठून हसतो, मग मला फोन करतो. या वेळी फोन आला नाही बघा."

मला रडू आलं. रागही आला, कुणाचा ते कळेना. शेवटी तिच्यासमोर मी सेटवर हसतो तसा हसलो. ते तिला अजिबात रुचलं नाही.

"दुःखाच्या घरात हसता काय? उठा."

उठलो. फाटकाबाहेर येऊन तिच्या घरचा फोन लावला. सुनेनं तिच्याकडं दिला.

"अक्का, मी उठून हसलो गं."

"एवढा उशीर का रे? जीव गेला की माझा." खिडकीतून ती दिसत होती, पदरानं डोळे पुसत होती. तोच माझा आवाज, मघाशी हातभर अंतरावरून तिला ओळखू आला नव्हता. "कोण की म्हातारे आले होते तुझ्यासाठी. वेडे असावेत, हसत होते. घालवून दिलं मी."

"बरं केलंस. आता जेव."

"तू ये. तू आलास की जेवते."

येतो म्हणालो. फोन खिशात टाकला, फाटकाला हात लावला, आणि तिथंच उभा राहिलो. आत गेलो तर ती म्हाताऱ्याला हाकलेल, आणि नाही गेलो तर भावाची वाट बघत उपाशी बसेल.