डावीकडं ओढणारी होडी

बन्सीला पोहता येत नव्हतं, हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. का येत नव्हतं, तेही ठाऊक होतं. पहिली गोष्ट गाव पारावर हसत हसत सांगायचं. दुसरी विचारली की सगळ्यांना एकदम शेतातली कामं आठवायची.

म्हणून दुसरी मी आधी सांगतो.

बन्सी नऊ-दहा वर्षांचा होता. हौसरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर उन्हाळाभर गावातली पोरं पोहायला शिकायची. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दावं, दाव्याचं दुसरं टोक काठावरच्या थोरल्या भावाच्या हातात. आमच्या बौद्धवाडीतली पोरं लांब बांधावर बसून नुसती बघायची. एका दुपारी विहिरीवर कुणी नाही असं बघून बन्सी पायऱ्या उतरला. गुडघाभर पाण्यात गेला असेल नसेल, हौसरावांच्या वडलांनी बघितलं. आधी कानफाटात बसल्या. मग दोन दिवस मोटार चालवून अख्खी विहीर उपसली. उपसलेलं पाणी उसाला दिलं. ऊस बाटला नाही. तो कारखान्याला गेला, त्याची साखर झाली, ती सगळ्यांनी खाल्ली.

त्या वेळी काठावर दावं धरणाऱ्या थोरल्या भावांतले एक हौसराव. आज अठ्ठावन्नचे आहेत, सोसायटीचे माजी चेअरमन. विचारलं तर म्हणतात, "छ्या! मोटारीचा व्हॉल्व्ह बदलायचा व्हता, म्हणून उपसली."

बन्सी आता सत्तेचाळीसचा. कोरेगाव भीमाच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात सतरा वर्षं पाण्याच्या टाक्या काढतो. सतरा वर्षं, आणि अजून कंत्राटी. पावडर भरलेला साचा भट्टीत फिरवायचा, गार झाला की उघडायचा. दोन्ही हातांवर मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. बोलतो कमी. माझ्या अगदी उलट. म्हणून मला 'नेते' म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ती शिवी असते.

मागच्या वर्षी कुठल्याशा रिसॉर्टची ऑर्डर आली आणि त्याच भट्टीत कयाक निघायला लागल्या. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, चपटी होडी. वरच उघड्यावर बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. त्यातली एक गार होताना वाकली. कितीही सरळ वल्हवा, ती डावीकडं ओढणार. सुपरवायझर म्हणाला, "स्क्रॅपला टाका."

बन्सी म्हणाला, "साहेब, दिवाळीला मिठाईचा डबा देता ना, ह्या वर्षी तो नको. ही द्या."

टेम्पोत टाकून ती पिवळी होडी वाडीत आणली, तर पारावरची मंडळी मागं मागं आली.

"बन्सी, ही होडी हाय का गुरांची कुंडी?"

"टाक्या करून करून आता टाकीतच ऱ्हायला चालला व्हय?"

"अरं, त्याला गुडघाभर पाणी झेपत न्हाई, आन् निघालाय भीमेत!"

गुडघाभर. हा शब्द त्यांनी नेमका निवडला होता. माझा हात शिवशिवला. बन्सीनं मला नजरेनंच बसवलं आणि होडीवर गोणपाट टाकलं.

त्याला काय हवं होतं ते सांगतो, फार मोठं नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून आमची भीमा जाते. दिवाळीच्या सुमाराला खालच्या बंधाऱ्याला ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, टाकले की पाणी फुगतं, दोनशे मीटर रुंद होतं. पुण्याची घाण पिऊन फुगलेली जलपर्णी काठाला दाट धरते. मोठी मरळ त्या जलपर्णीच्या बाहेरच्या कडेला असते, काठावरनं तिथं गळ पोचत नाही. बन्सी लहानपणापासून काठावर बसून गळ टाकतोय. हाताला लागते ती बोटभर चिलापी. मला म्हणाला, "नेते, चाळीस वर्षं काठावर बसलो. मला मधी जाऊन गळ टाकायचाय. आपल्या काठावरनं, आपलं आपण." एवढंच.

वाडीतून नदीला जायला वाट एकच, हौसरावांच्या उसातून जाणारी पाणंद. सरकारी नकाशात ती बारा फुटी आहे. दरवर्षी नांगर थोडा थोडा आत घालून हौसरावांनी ती पाच फुटांवर आणली.

शिकवायला कोण होतं? मोबाईल. इंग्रजी व्हिडिओ, भाषा कळत नाही म्हणून बन्सी नुसते हात बघायचा. ते लोक वल्हं दोरीनं होडीला बांधत होते, गळाची काठी बांधत होते, डबा बांधत होते. बन्सीनं विचार केला, ह्या सगळ्यात बुडू नये अशी वस्तू मी. आणि त्याच्या डोक्यात ती विहीर होतीच. कमरेला दावं बांधलेली पोरं बुडत नाहीत, हे त्यानं बांधावर बसून डोळ्यांनी बघितलेलं. त्यानं पाठीला पाच लिटरचा तेलाचा कॅन बांधला, कमरेला चांगलं नवं दावं आवळलं, आणि दाव्याचं दुसरं टोक होडीच्या पुढच्या कडीला पक्कं केलं.

मी काठावर उभा होतो. मलाही ते बरोबरच वाटलं. मीही त्याच बांधावर बसून बघितलं होतं की.

पहिली पंधरा मिनिटं झकास गेली. होडी डावीकडं ओढत होती, बन्सी डावीकडं दोन आणि उजवीकडं एक असं वल्हं मारून तिला ताळ्यावर आणत होता. जलपर्णीच्या कडेला पोचला. गळाला बेडूक लावला, टाकला. आणि काठी वाकली. त्या आनंदात तो मासा बघायला एका अंगाला झुकला.

होडी पालथी झाली.

पाठीवरचा कॅन त्याला वर ढकलत होता आणि कमरेचं दावं होडीखाली ओढत होतं. दाव्याचा पीळ होडीला पडला होता. मला पिवळा तळ दिसत होता आणि बाजूला एक हात, तो पाणी मारत होता. मी ओरडलो. दुसरं काहीच करू शकलो नाही. तहसीलदाराच्या टेबलावर मूठ आपटणारा मी, छातीभर पाण्यात जाऊन उभा राहिलो आणि पुढं पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. मलाही पोहता येत नाही.

हौसरावांचा मुलगा सत्यजीत नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीवर आला होता. त्यानं शर्टसकट उडी मारली, हातातल्या खुरप्यानं दावं कापलं आणि बन्सीला केसाला धरून काठाला आणलं. बन्सीनं पाणी ओकलं, श्वास घेतला आणि हात जोडले. सत्यजीत मान खाली घालून म्हणाला, "असू दे, काका." मी आभार मानायला हवे होते. नाही मानले. ज्या विहिरीत तो पोहायला शिकला ती माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

तेवढ्यात हौसराव आले.

"मेला असतास म्हंजी? उद्या तुझं मढं माझ्या मोटारीच्या पाइपाला अडकलं, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? ज्याला पव्हता येत न्हाई त्यानं नदीला पाय लावायचा न्हाई. पव्हून दाखव, मग ये."

मी म्हणालो, "पोहता का येत नाही, तेही सांगा की इथंच."

"ए कार्यकर्त्या, तुझं भाषण चौकात. हितं माझा ऊस हाय."

"ऊस तुमचा. पाणंद सरकारची."

"मग सरकारला बोलीव."

तिसऱ्या दिवशी पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट लागलं. दोन्ही बाजूंना उसाला तारेचं कुंपण. साखळी, कुलूप, आणि वर पाटी: 'धोका. नदीकडे जाऊ नये.' काळजीची पाटी! चाळीस वर्षांत वाडीतल्या कुणाच्या जिवाची यांना काळजी वाटली नव्हती.

मी नकाशाची नक्कल काढली, तहसीलला अर्ज टाकला, पोच घेतली. गेटसमोर बसायचं ठरवलं, बॅनर छापायला दिला. बन्सीला सांगायला गेलो, तर हा होडी टेम्पोला बांधत होता.

"कुठं?"

"अक्काकडं."

"पळतोयस?"

तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "नेते, तू कागद लढव, तुला येतं ते. पर त्यो माणूस एक खरं बोलला. मला पव्हता येत न्हाई, पाण्यात पडताबी येत न्हाई. त्या दिवशी तूबी हुभाच व्हतास."

मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि होडी टेम्पोला आवळली.

त्याची थोरली बहीण साळूबाई नदीच्या बरोबर समोर, दौंडच्या बाजूला दिलेली. काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल, पण रस्त्यानं पुलावरून फिरून जायला तास-दीड तास. तिकडच्या काठाला तिच्या वस्तीची गुरं पाण्यावर यायची, अडवायला कुणी नव्हतं. आठ दिवसांनी मी बघायला गेलो, तर ही पंचावन्न वर्षांची बाई लुगडं खोचून गळाभर पाण्यात उभी आणि भावाला शिव्या घालतीय.

"अक्का, तुम्ही कुठं शिकला?"

"म्हशीकडं. दुसरं कोण शिकवणार हाय बायामाणसाला? शेपूट धरायचं, आन् तिनं मधी नेलं की सोडायचं."

बन्सी कमरेला दावं बांधून उभा होता. सवयीनं. साळूबाईनं ते हिसकलं आणि काठावर भिरकावलं.

"दावं जनावराला बांधत्यात. तू कुणाचं जनावर हायेस? काठीला बांध, वल्ह्याला बांध. माणूस मोकळा पायजे. पड!"

"अक्का, गार हाय गं."

"पड म्हणते न्हवं!"

रविवारी आणि सेकंड शिफ्टच्या दिवशी सकाळी, अडीच महिने. पहिल्या महिन्यात तो पाण्यावर राहायला शिकला. मग होडी मुद्दाम पालथी करायला. पालथ्या होडीच्या तळावरून पलीकडची कड धरायची, मागं झोक देऊन तिला सरळ करायची, पाय पाण्यात मारत पोट आधी वर टाकायचं, मग कूस वळवून बसायचं. सुरुवातीला दहातून एकदा जमायचं. कंपनीतून त्यानं जुनं लाइफ जॅकेट आणलं. दगडाचा नांगर होडीच्या कुशीला बांधला तर धारेत ती कलंडते, शेपटाला बांधावा, हे त्याला दोन वेळा आपटून कळलं. तिथंच त्यानं पहिली मरळ धरली, हातभर लांब. अक्कानं कालवण केलं आणि वाढता वाढता म्हणाली, "आता हितंच धरत जा की."

बन्सी म्हणाला, "न्हाई. आपल्या काठावरनं."

फेब्रुवारीतला रविवार. माझ्या अर्जावर 'चौकशी चालू' याच्या पुढं अक्षर हललेलं नव्हतं. सकाळी बन्सीचा फोन. "गेटवर ये. बॅनर आणू नको."

गेटवरून नदीचा तुकडा दिसतो. तिथून मी पिवळी होडी येताना बघितली. डावीकडं दोन, उजवीकडं एक. हौसराव आणि सत्यजीत मोटारीपाशी उभे होते. त्यांच्यापासून तीस हातांवर, खोल पाण्यात, बन्सी थांबला. अंगातलं जॅकेट काढलं, होडीला बांधलं आणि स्वतःच होडी पालथी केली. वर आला. सरळ केली. चढला. परत पालथी केली. परत चढला. तिसऱ्यांदा झाल्यावर धापा टाकत हौसरावांना मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, बघितलं न्हवं? पव्हून दाखव म्हणाला व्हता."

हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"आलं की पव्हायला. मग आता पाणंद कशाला? ये की तिकडनंच."

ऐका. तीन महिने ज्या काळजीनं कुलूप लावलं होतं, ती काळजी मिटली आणि कुलूप तसंच. मी गेट हलवून बोंबललो. बन्सी बोंबलला नाही. तो होडी काठाला घेऊन उतरला, तिच्या पुढच्या कडीला दोरी लावली आणि ती ओढत पाणंदीनं वर निघाला. सरकारी नकाशातल्या बारा फुटांच्या मधोमध. गेटपाशी आला, होडी आडवी टाकली आणि तिच्यावर बसला. मी बाहेर, तो आत.

हौसराव मागून आले. "हे काय?"

"घरी चाललोय, आप्पा. गेट लागलंय."

"आलास तसा जा."

"दमलोय. पडून पडून."

"मग काय हितंच बसणार?"

"बसतो की. तुमच्या आत बसतो. भाईर काढायचा आसंल तर गेट तुम्हालाच उघडायला लागंल."

मी हसलो, गेटला धरून. हौसरावांनी माझ्याकडं असं बघितलं की उसाला वाळवी लागावी. दीड तास गेला. ऊस तोडायला आलेले मजूर येऊन बघून गेले, गाव गोळा झालं. पारावरचे जे लोक 'गुडघाभर' म्हणून हसले होते, तेच आता म्हणत होते, "आप्पा, उघडा की, काय शोभतंय का?" यांची तोंडं कशी फिरतात, हे मला नवीन नाही, मी त्यांचं कौतुक करणार नाही.

शेवटी सत्यजीतनं वडलांच्या खिशाकडं हात केला. हौसरावांनी किल्ली दिली नाही. खाली टाकली. सत्यजीतनं ती मातीतून उचलली आणि कुलूप काढलं. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "नोव्हेंबरात आभार मानायचे राहिले होते."

पुढच्या रविवारी गेटला कुलूप होतं. बन्सीनं होडी टेम्पोनं अक्काकडं नेली, परत पलीकडून आला, परत आत बसला. त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या रविवारी साखळी नुसती अडकवलेली होती. हौसरावांनी उघडलं असं म्हणायला ते तयार नाहीत, कुलूप गंजलं म्हणतात. जशी विहीर व्हॉल्व्हसाठी उपसली होती, तसंच हे. म्हणू देत.

होडी आता वाडीतून निघते. साखळी काढायची, होडी न्यायची, साखळी परत अडकवायची. ती अजून डावीकडंच ओढते. गेल्या आठवड्यात बन्सीनं मला काठावर उभं केलं, कमरेपर्यंत पाण्यात ढकललं आणि म्हणाला, "नेते, पड."

मी त्याला दोन शिव्या घातल्या. आणि पडलो.