चाळीस दिवसांचा चांगुलपणा

गेल्या लेंटमध्ये मी चाळीस दिवसांत परिपूर्ण व्हायचं ठरवलं. चूक सर्वस्वी माझी, तिच्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही.

लेंट म्हणजे ईस्टरआधीचे आमचे उपासाचे दिवस. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की स्वर्गातला बाप जसा परिपूर्ण आहे तसं आपणही परिपूर्ण व्हायचं आहे, आणि प्रभू हे काही गमतीत बोललेला नाही. बाकीच्या मंडळींनी माना हलवल्या आणि ती घरी जाऊन जेवली. मी वही काढली. आर्वीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली जळालेली मोटार येते. जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं, की मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. पाच दिवसांचं काम. एका माणसाला चाळीस दिवस म्हणजे जरा जास्तच झाले, असंही मला वाटून गेलं.

वहीत दोन याद्या केल्या. एकीत सोडायच्या गोष्टी: मटण, शिव्या आणि ‘उद्या नक्की देतो’ हे वाक्य. दुसरीत ज्यांची माफी मागायची ती माणसं. यादी बायकोला वाचून दाखवली, तर तिनं शांतपणे विचारलं, यात मी कुठं आहे. मग तिला सर्वांत वर घातलं आणि सत्तावीस नावं झाली.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिनसतंय हे दिसायला लागलं. रोहण्याचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. मी त्याला खरं ते सांगितलं, की मागच्या वेळी मीच घाईत कच्ची बांधली म्हणून जळाली, आता नीट बांधतो, पण आठ दिवस लागतील. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोटार उचलून परत गाडीवर बांधली. जाताना तब्येतीला जपा म्हणाला.

आमच्या भागात एक समज आहे, आणि त्यात हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती सगळे एक आहेत. तिरसट माणूस एकाएकी गोड बोलायला लागला की त्याचे दिवस भरत आले. मला हा समज माहीत होता. मी स्वतः दोघातिघांच्या बाबतीत तो छातीठोक सांगितलेलाही होता. तो आपल्यालाही लागू पडेल हे मात्र डोक्यात आलं नाही.

मी घरोघर जाऊन माफी मागत होतो आणि माझ्यामागे दारं हळूच लागत होती. एका घरी म्हातारीनं माझं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि सांगितलं, की तिच्या मालकानंही अशीच सगळ्यांची कुऱ्हाडी-फावडी परत नेऊन दिली होती आणि चौथ्या दिवशी तो गेला. आमच्या चर्चच्या मंडळीतला सुतार पेट्याही करतो. मेलेल्या माणसाच्या पेट्या. एकदा त्याच्या कामाला मी चारचौघांत नावं ठेवली होती, म्हणून त्याच्याकडे गेलो. त्यानं मला मोठ्या मनानं माफ केलं. रंधा खाली ठेवला, मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, उंची किती तुमची?” मी सांगितली. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

शेजारच्या कुत्र्याला मी वर्षानुवर्षं चप्पल फेकून मारत आलो होतो. आता पोळी टाकली. ते मागे सरकत सरकत भिंतीला टेकलं आणि पोळीकडे न बघता माझ्या खांद्यामागे कुठंतरी बघून गुरगुरायला लागलं. मी वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोळी तिथंच पडलेली, तिला मुंग्यांनीही तोंड लावलेलं नव्हतं.

घरी बायको रोज माझ्या आवडीचं करायला लागली. दुपारी जरा पडलो आणि डोळे उघडले, तर तिचं बोट माझ्या नाकाखाली. माशी होती म्हणाली. मला खोटं बोलणं वर्ज्य होतं, तिला नव्हतं. त्या दिवसापासून मलाही रात्री-दिवसा छातीत ठोके ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. आमच्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्याला आम्ही त्याच आठवड्यात पुरलं.

आणि मग मावशी आली.

मावशी म्हणजे आमच्या मंडळीतली मेलेल्यांना आंघोळ घालणारी बाई. पूर्वी दवाखान्यात आया होती, त्यामुळे बाई असो की बाप्या, तिचा हात कचरत नाही. तिच्याजवळ एक खाकी पिशवी असते. साबण, कापूस, कात्री, धुतलेलं पांढरं फडकं. घंटा वाजवणारा गेला, त्याच्या आदल्या दुपारी ती त्याच्या ओट्यावर जाऊन बसली होती, असं सगळे सांगतात. कोणी बोलावलं नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारला आठवडा होता. दुपारचे दोन. उन्हानं रस्ता पार ओस पडलेला, समोरच्या निंबाचं पानही हलत नव्हतं. वार्निशच्या वासात मी एकटाच कॉइल भरत होतो. मान वर केली तर निंबाखालच्या पालथ्या खोक्यावर मावशी. मांडीवर खाकी पिशवी. कधी आली, कुठून आली, पाऊल वाजलं नाही. मी जय ख्रिस्त केला. तिनं मान हलवली. पाणी देऊ का विचारलं, तर नको म्हणून हात हलवला. तासभर ती मला बघत बसली, मग उठून गेली. मी त्या तासात किती वेढे मारले ते आजही सांगता येणार नाही. ती कॉइल दुसऱ्या दिवशी पूर्ण उपसावी लागली.

दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारचा बियाण्यांचा दुकानदार तिला पाहून शटर अर्धं खाली ओढायला लागला. चौथ्या दिवशी मी पंखा बंद करून बघितला, तरी बोटांची टोकं गार. परिपूर्ण व्हायचं राहिलं बाजूला, मला फक्त ईस्टर गाठायचा होता. बायकोला सांगितलं तर ती रडली, आणि थोड्या वेळानं माझा पांढरा सदरा काढून इस्त्री करायला बसली.

पाचव्या दिवशी डबा घेऊन ती दुकानातच थांबली. दोन वाजले. मावशी आली, बसली. शेवटी बायकोनंच मला कोपरानं ढकललं आणि मी उन्हात उतरलो.

“मावशी,” मी म्हणालो, “खरं सांगा. किती दिवस राह्यले?”

“ते तूच सांग,” ती म्हणाली. “पाच दिवस झाले मी बसून राह्यली. सव्वीस घरं फिरला तू, लोक म्हणतेत, अन् घरच्या बाईलेही माफी मागितली. माहं घर काऊन नाई लागत तुह्या रस्त्यात?”

मला काही समजेना. तुमचं मी काय वाईट केलं, असं मी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं.

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या प्रीतिभोजनाला पंगतीत ती माझ्या बाजूला बसली होती. मी मोठ्यानं म्हणालो होतो, “मावशी, जरा सरकून बसा, तुम्ही माप घेऊन राह्यल्यासारखं वाटते.” सगळी पंगत हसली होती. तिनं ते शब्द न् शब्द म्हणून दाखवले, माझ्याच आवाजात. त्या दिवसापासून ती कोणाच्याच पंगतीला बसली नव्हती. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि जेवणं वाढायच्या आत निघून जाते.

मला प्रसंग लख्ख आठवत होता. विसरलो असतो तर बरं होतं. तो विनोद मी नंतर निदान दहा ठिकाणी सांगितला होता, आवाजासकट. माझा सर्वांत जमलेला विनोद म्हणून. तो माझ्या यादीत येणार कसा? माझ्या लेखी ते पाप नव्हतंच, तो माझा गुण होता.

मी हात जोडले आणि सुरू केलं, की माझ्याकडून कळत-नकळत जे काही...

“हे तू सुतारालेही म्हटलं,” तिनं मला थांबवलं. “असंच. त्यानं सांगितलं मले.”

सत्तावीस माणसांसाठी घोटून ठेवलेलं वाक्य तिथंच संपलं. दुसरं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी निंबाखाली मातीत बसलो. मग एवढंच म्हणालो, की मावशी, मला तेव्हा लोक हसले त्याचा आनंद झाला, आणि तुम्ही उठून गेलात ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिनं खाकी पिशवी उघडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा. तू किती दिवस लावशील याचा नेम नव्हता, म्हणून रोज बांधून आणत होती, म्हणाली. आज भूक लागली.

बायकोनं आमचा डबा आणला. तिघं दुकानाच्या पायरीवर बसलो. मी मावशीच्या अगदी बाजूला बसलो, आणि ती सरकली नाही. जेवताना तिनं एकदम माझं मनगट धरलं. हात गार होता, उन्हात बसूनही. दोन बोटं नाडीवर ठेवून ती निंबाकडे बघत बसली. बायकोचा घास हातातच राहिला. शेजारचं अर्धं शटरही थोडं वर झालं.

“मावशी,” मी कसंबसं विचारलं, “काही दिसत तर नाई ना?”

तिनं मनगट सोडलं आणि सुतारानं पाहिलं होतं तसंच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पोट दिसते,” ती म्हणाली. “चांगला मंग होजो, आधी ते कमी कर. तुले पालथा कराले मले चार माणसं लागतीन.”